फाट्यावरची मासवडी

माझ्या आईला तिच्या नवऱ्यानं टाकलं तेव्हा मी अंगावर पीत होते. ‘टाकलं’ हाच शब्द गावात वापरतात, म्हणून मीही तोच वापरते. गोड करून सांगायची मला सवय नाही. आई मला कडेवर घेऊन माहेरी आली. माहेर आळे गावाच्या पुढं, आडरस्त्याला. आजी-आजोबा तोवर गेलेले होते. आईच्या धाकट्या भावानं, म्हणजे माझ्या मामानं, आम्हाला गोठ्याच्या पडवीत जागा दिली. मध्ये कुडाची भिंत आणि पलीकडं म्हशी. म्हशीनं अंग घासलं की भिंतीचं लिंपण आमच्या अंथरुणात.

आमची चूल वेगळी होती, पण तिच्यावर शिजवायला वेगळं काही नव्हतं. आई दिवसभर मामाच्या रानात असायची. कांद्याची लागण, टोमॅटोची बांधणी, गवत, धारा, सगळं. बाहेरच्या बायांना रोज मिळायचा. आईला मिळायचा नाही, कारण ती घरची. आणि जेवणाच्या वेळी मामी म्हणायची, “वन्सं, तुमची तर चूल येगळी हाय ना?” म्हणजे कामाला घरची आणि ताटाला वेगळी. हा हिशोब मला फार लहानपणी कळला.

मामा तोंडानं कधी वाईट बोलला नाही. तो बोलायचाच नाही. मामी बोलायची आणि तो तंबाखू मळत बसायचा.

आईची घरात गरज कशासाठी होती हे सांगायचं तर मासवडीबद्दल सांगावं लागेल. आमच्या जुन्नर-आंबेगावाकडं माळकरी पाहुणा आला की मासवडी करतात. तिच्यात मासा नसतो, फक्त तुकड्याचा आकार माशासारखा. बेसनाचं पीठ फोडणीच्या उकळत्या पाण्यात घाटायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. ते आळून घट्ट झालं की ओल्या फडक्यावर पातळ थापायचं, तेही गरम असतानाच, कारण गार झालं की ते चिरतं. त्याच्यावर भाजलेलं खोबरं, तीळ, कांदा, लसूण, कोथिंबीर यांचा मसाला पसरायचा आणि फडक्याची दोन्ही टोकं उचलून वडी मिटवायची. मग सुरीनं कापायची. सोबत लाल रस्सा आणि बाजरीची भाकरी. ऐकायला सोपं वाटतं. आईचे तळवे मी पाहिलेत. त्यांच्यावरच्या रेषा कुणा ज्योतिषालाही दिसल्या नसत्या.

आईच्या मसाल्यात एक गोष्ट जास्त असायची, कारळं. सुकं खोबरं महाग, म्हणून पडवीत आल्यावर ती आपल्यापुरतं खोबरं कमी करून भाजलेलं कारळं कुटून घालायची. हात तसाच बसला. पुढं मामाच्या घरच्या वड्या करतानाही कारळं पडायला लागलं, आणि पाहुणे बोटं चाटायला लागले. “काय हात हाय हो तुमचा,” असं ते मामीला म्हणायचे. मामी पदर सावरून म्हणायची, “आपलं जमंल तसं.”

आमच्या गावात हरिनाम सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी सगळ्या गावाला मासवडीचं जेवण असतं. रस्सा देवळामागं मोठ्या कढईत होतो, पण वड्या घरोघरच्या. दर उंबऱ्यामागं ठरावीक वड्या द्यायच्या. सकाळी ट्रॅक्टरची ट्रॉली गल्लीगल्लीतून फिरते आणि माणसं पाट्या उचलून नेतात. गरीब असो, श्रीमंत असो, वडी सारखीच. पंगतीत कुणाची वडी कुणाच्या ताटात जाईल सांगता येत नाही. गावात ज्याच्या वड्या घेतल्या तो उंबरा. ज्याच्या घेतल्या नाहीत तो त्या गावचा नाही.

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. आईनं पहाटे उठून मामाच्या उंबऱ्याच्या वड्या करून दिल्या. मग आपल्या चुलीवर वेगळं पीठ घाटलं, आपल्या डब्यातलं. एक ताट भरून वड्या केल्या, वर स्वच्छ फडकं टाकलं आणि ट्रॉली आल्यावर दारात उभी राहिली.

ट्रॉलीवरच्या म्हाताऱ्या माणसानं विचारलं, “आक्का, ह्या कुणाच्या?”

“माझ्या. माझ्या उंबऱ्याच्या.”

“तुझा उंबरा सासरच्या गावाला, बाय. हितं कसा धरायचा?” तो हसून म्हणाला. वाईट भावनेनं नाही, हेच मला जास्त लागलं. “भावाच्या पाटीत टाक हवं तर. खाणारा इठोबाच हाय.”

मामी ओसरीवरून म्हणाली, “टाका की वन्सं. वाया कशाला घालवता?”

आईनं टाकल्या नाहीत. ताट घेऊन ती आत आली. त्या वड्या आम्ही दोघींनी संपवल्या, शिळ्या होऊन कडा कडक होईपर्यंत. आई पंगतीलाही गेली नाही. त्या दिवसापासून तिला आयुष्यात काय हवं होतं ते मला पक्कं ठाऊक आहे. तिला नवरा परत नको होता, दागिना नको होता. तिला त्या गावात स्वतःचा उंबरा हवा होता.

मी शिकले. हे मी मान वर करून सांगते, कारण मला कुणी शिकवलं नाही, मी शिकले. आईच्या घराण्यात आणि मला टाकणाऱ्या बापाच्या घराण्यातही माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. सकाळच्या एसटीनं जुन्नरला जायचं, दुपारी परत येऊन कांदा निवडायला बसायचं. मामी म्हणायची, “शिका बाई, शिका. साहेबीण झाल्यावर आमाला वळख दाखवा म्हंजे झालं.” मी बी.ए. झाले, परीक्षा दिल्या, आणि नाशिकला सरकारी कचेरीत लागले. ऑर्डर आली तेव्हा मामीनं गल्लीत पेढे वाटले. ओझरच्या गणपतीला नवस तिनंच बोलला होता, असं ती सगळ्यांना सांगत होती.

मी आईला नाशिकला आणलं. दोन खोल्या, नळाला पाणी, गॅस. ती जेमतेम आठवडाभर राहिली. “हितं मला कोण वळखतं?” म्हणाली. “मेले तर शेजारीण इचारंल, कोण म्हातारी व्हती गं. मला गावात सोड.”

“गावात पडवी आहे, आई.”

“आज पडवी हाय. उद्याचं काय सांगावं.”

मी तिला परत सोडून आले. फोन करायचे तेव्हा ती म्हणायची, रानात हाय, काम चाललंय, मागून बोलते. दिवाळीला गेले तेव्हाही सगळं जिथल्या तिथं होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्या ऑफिसची पुण्यात मीटिंग निघाली. जीपमध्ये मी, आमच्या मोठ्या मॅडम आणि ड्रायव्हर. मॅडम विदर्भातल्या, इकडच्या रस्त्यानं पहिल्यांदाच चाललेल्या. चंदनापुरीचा घाट ओलांडला तसा ड्रायव्हर सुरू झाला, “मॅडम, आळेफाट्याला एक गाडा लागलाय मासवडीचा. पुण्या-नाशकाची लोकं गाड्या थांबवून खात्यात. लई म्हंजे लईच भारी.”

“मी नाही हो मासे खात,” मॅडम म्हणाल्या.

“मासा न्हाई त्यात! बेसन हाय. ह्या मॅडम हितल्याच हायेत, इचारा त्यांना.”

मी हसले. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. आमच्या घरातली वस्तू, चुलीपुढची, माळकऱ्यांची, ती आता हायवेवर मिळते आणि आमच्या मॅडम ती खाणार! मीच त्यांना सगळं समजावत होते. रस्सा आधी चाखा, तिखट असतो. वडी रश्श्यात बुडवून ठेवायची नाही, फुटते. भाकरीचा तुकडा, त्यावर वडी आणि मग रस्सा.

फाट्याच्या अलीकडं गाड्यांची रांग लागली होती. ड्रायव्हरनं जीप मागच्या बाजूला, ताडपत्रीच्या आडोशाजवळ लावली आणि तोच गर्दीत घुसून प्लेटा घेऊन आला. आम्ही बॉनेटवर प्लेटा ठेवून उभ्यानं खायला लागलो. रश्श्यावर तर्री तरंगत होती, भाकरी तव्यावरून नुकती उतरलेली. वडी बाहेरून मऊ, आत मसाला भरभरून. पहिला घास घेतला आणि जिभेला कारळं लागलं.

मी दुसरा घास घेतला. तेच. ती भाजलेली, किंचित कडसर चव, मागून येणारी. मॅडम नाक पुसत होत्या, डोळ्यांतून पाणी, आणि म्हणत होत्या, “अप्रतिम आहे गं! आत काळं काय आहे हे?”

“कारळं,” मी म्हटलं. आमच्या भागात मी मासवडी शंभर घरी खाल्ली असेल. कारळं घालणारी एकच बाई मला माहीत होती.

मी गाड्याच्या पुढच्या बाजूला गेले. वर फ्लेक्स लावलेला. फ्लेक्सवर हिरव्या साडीतली, नथ घातलेली मामी, हातात वड्यांचं ताट. खाली लिहिलेलं, घरगुती मासवडी. आणि फ्लेक्सच्या खाली खरीखुरी मामी, डोक्याला पदर, रस्सा वाढत होती. मामा खुर्चीवर बसून ऑनलाइन पैसे आल्याचे मेसेज बघत होता. एक गिऱ्हाईक, टोपीवाला, पुण्याचाच असावा, तिला विचारत होता, “काकू, शिकलात कुणाकडून?”

“सासूकडनं,” मामी म्हणाली. “आमच्या घरची रीत हाय ती. पिढ्यान्‌पिढ्याची.”

मामीची सासू, म्हणजे माझी आजी, घरात बेसन परवडायच्या आधीच मेली होती.

मला राग आला तो एवढ्याचाच, की मामीनं आईची रीत उचलली. तोवर मला तेवढंच वाटत होतं. मग मागच्या ताडपत्रीच्या आतून आवाज आला, “वहिनी, फडकं वाळलं. पाणी द्या की जरा.”

मी ताडपत्री बाजूला केली. आई जमिनीवर पोत्यावर बसलेली. पुढं शेगडी, शेगडीवर पातेलं, गुडघ्याशी पाट आणि पाटावर पीठ थापलेलं. बाजूला कापायच्या वड्यांचा ढीग. आत इतकं गरम होतं की माझ्या चष्म्यावर वाफ धरली. आईनं वर बघितलं. दचकली नाही. हात थांबवला नाही, कारण पीठ गार झालं असतं.

“तू कवा आलीस?” म्हणाली. “खाल्लीस का? मीठ बरोबर हाय का? उकाड्यात मला चव कळंना झालीय.”

“कधीपासून बसतेस इथं?”

“दिवाळी झाल्याव.”

“फोनवर रानात आहे म्हणायचीस.”

“मग काय सांगू? गाड्याव हाय म्हणू? तू भांडायला आली असतीस.” तिनं फडक्याची टोकं उचलून वडी मिटवली. “आता आलीच हायेस.”

मी तिथंच खाली बसले. तिनं मला थोडंथोडं करून सगळं सांगितलं, हात चालू ठेवून. गाड्याची जागा आजोबांच्या जमिनीतली होती. फाट्याजवळचा तुकडा, पूर्वी कुणी ढुंकून बघत नव्हतं, आता हायवेमुळे त्याला किंमत आलेली. सातबाऱ्यावर मामाच्या बरोबरीनं आईचंही नाव होतं. मामानं तिला जुन्नरला नेलं आणि सही घेतली. बहिणीनं बापाच्या जमिनीतला आपला वाटा भावाला सोडून द्यायचा, त्याला आमच्याकडं हक्कसोड म्हणतात. सगळ्या बहिणी करतात. जी करत नाही तिला कुणी दिवाळीला बोलावत नाही.

“सही झाल्याव त्यानं मला स्टँडव मटकीभेळ खाऊ घातली,” आई म्हणाली. “साडी बी घेतली.”

“आणि तू दिलीस सही? मला न विचारता?”

“तुला काय इचारायचं? माझा बाप, माझा भाऊ.” मग आवाज खाली घेऊन म्हणाली, “त्यानं शब्द दिलाय. यंदा सप्ताहाच्या मीटिंगीत तो सांगणार हाय, आक्काचा उंबरा येगळा धरा म्हणून. त्याचं गावात ऐकत्यात.”

मी म्हटलं, “आई, अगं, त्या जमिनीत तुझा वाटा होता. तिथं घर बांधलं असतं. उंबरा कुणाकडं मागायचा प्रश्नच नव्हता.”

“भावाकडं वाटा मागू?” तिला खरंच कळेना मी काय म्हणतेय. “मग माहेर काय राह्यलं? ज्या गावात माहेर न्हाई तिथं उंबरा घेऊन करू काय?”

राग घेऊन मी बाहेर आले आणि गाड्याच्या पुढं उभी राहून मोठ्यानं म्हणाले, “ही वडी हिनं केलेली नाही. माझ्या आईनं केलीय. ती मागं ताडपत्रीत बसलीय.”

टोपीवाल्यानं चमचा खाली ठेवला. मामीचा हात थांबला नाही. ती म्हणाली, “बसलीय तर काय झालं? घरचीच हाय ना ती? का आमी तिला पळवून आणलीय?” मग गिऱ्हाइकांकडं वळून, “भाची हाय आमची. सरकारी नोकरीत. आमीच शिकीवली.”

लोक हसले. टोपीवाल्यानं चमचा उचलला आणि म्हणाला, “काकू, रस्सा टाका अजून.”

मामा उठून माझ्याजवळ आला. “चार माणसात शोभतं का?” एवढंच म्हणाला. मी विचारलं, “सप्ताहाच्या मीटिंगीत बोलणार आहेस ना तिच्यासाठी?” तो म्हणाला, “बोलू की. बोलायचं तर हायच.” आणि जाऊन परत खुर्चीवर बसला.

मी आईला हाताला धरून जीपकडं न्यायला गेले. तिनं हात सोडवून घेतला. “तमाशा केलास,” म्हणाली. “आता मीटिंगीच्या आदी त्याला राग आला तर? जा तू. जा, तुझ्या बाई थांबल्यात.” मॅडम जीपमध्ये बसून फोन बघत असल्याचं दाखवत होत्या. माझी प्लेट बॉनेटवर तशीच होती. मी ती संपवली. उभ्यानं, भाकरीच्या शेवटच्या तुकड्यापर्यंत, रश्श्यासकट. चांगली झाली होती. मीठ बरोबर होतं. माझ्या आईच्या हातचं अन्न मी प्लेटीत टाकून जाणार नव्हते.

राजगुरुनगरच्या पुढं ड्रायव्हर एवढंच म्हणाला, “मला काय ठाव, मॅडम.”

सप्ताहाची मीटिंग झाली. मामा बोलला नाही. कुणीतरी विषय काढला म्हणे, तर तो म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. हे मला आईनंच सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, “मी आज पीठ घाटलं न्हाई. ती बोलवायला आली व्हती. म्हणलं, वहिनी, माझा हात दुखतोय.” आणि मग, “दुखत बिखत न्हाई.”

तिला गाव सोडायचंच नव्हतं, तर मग गावातच जागा घ्यायची, असं मी ठरवलं. भावकीत विचारलं. जागा होत्या, पण मला द्यायला कुणी तयार नव्हतं. ‘लेकीच्या लेकीला’ गावठाणात जागा कशी द्यायची, असं एकानं तोंडावर सांगितलं. दुसऱ्यानं मामाला फोन करून विचारलं आणि मग नाही म्हणाला. शेवटी जुन्नरच्या एका मुसलमान व्यापाऱ्यांनी दिली. त्यांच्या वडलांचं गावात तेलाचं दुकान होतं, ते बंद पडून जागा तशीच पडलेली. त्यांनी मला काही विचारलं नाही. “आई एकट्या राहणार का?” एवढंच. मी हो म्हटलं. “मग दार पूर्वेला घ्या ताई, पश्चिमेला घाण पाण्याचा नाला आहे,” म्हणाले.

मी कर्ज काढलं आणि दोन खोल्या बांधल्या. वर पत्रा आहे, स्लॅब अजून टाकलेला नाही. बांधकाम चालू असताना मामी रोज त्या रस्त्यानं जायची आणि म्हणायची, “बहिणीला भावानं काय कमी केलं व्हतं?” पायाच्या पूजेला मामा आला नाही. दिवाळीला आईला बोलावणं आलं नाही. ती दोन दिवस दारात बसून वाट बघत होती. म्हणजे जमीनही गेली आणि माहेरही गेलं, एकाच गावात राहून. हे मी तिला बोलून दाखवलं नाही. तिला ते माझ्याआधी कळलेलं होतं.

गाडा अजून फाट्यावर आहे. आता वड्यांना पगारी बाई ठेवलीय, कारळं पडत नाही, आणि कुणाचं काही अडलेलं नाही. रांग तेवढीच असते. मी एसटीनं जाते तेव्हा खिडकीतून बघते. गाडी थांबली तरी उतरत नाही.

आईच्या हाताला पूर्वीसारखं गरम सोसत नाही. तरी ती करते. मी गेले की करते, आणि मला विचारते, चव कशी झालीय. मी खरं सांगते. कधी मीठ कमी असतं.

घर आईच्या नावावर आहे. घरपट्टीची पावती तिच्या नावानं येते, लाइटचं बिल तिच्या नावानं येतं, आणि त्या पावतीवरून सप्ताहाच्या वड्यांसाठी गाव आता तिचा उंबरा वेगळा धरतं.